घनवादी स्त्रीचित्र कसे वाचावे

घनवादी (क्युबिस्ट) चित्रात एकच वस्तू किंवा चेहरा वेगवेगळ्या बाजूंनी पाहून तुकड्या-तुकड्यांत एकत्र रंगवलेला असतो. अशा चित्राची मोठी छापील प्रत आणि दोन पोस्टकार्डे जवळ ठेवावीत. कपडे, खुर्ची, हात सहज ओळखू येतात; तिथे रेंगाळू नये.

खरी अडचण चेहऱ्यापाशी येते. पुण्यात बालगंधर्व कलादालनात अशा चित्रापुढे थबकलेली माणसे मनातल्या मनात चेहरा जुळवू लागतात, कारण तसे करायला त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. हा सल्ला अजिबात मानू नये. मी एकदा झेरॉक्स प्रतीचे कात्रीने तुकडे करून सरळ चेहरा जुळवला होता. डोळे जागेवर आले, पण चित्रात पाहण्यासारखे जे होते ते नेमके निघून गेले.

आधी घरातला चहाचा कप पाहावा. डोळ्यांच्या रेषेत धरला की त्याची कड सरळ रेघ दिसते, वरून पाहिली की तीच कड गोल होते. फ्रेंच घनवादी चित्रकार झाँ मेत्झांजे यांच्या १९११ मधील ‘ल गूते’ (चहाची वेळ) या चित्रात स्त्रीपुढचा कप अर्धा बाजूने आणि अर्धा वरून रंगवलेला आहे, आणि तिचा चेहराही काही समोरून, काही बाजूने दिसतो. कप समजला की चेहऱ्याची भीती उरत नाही.

आता पोस्टकार्डाने चेहऱ्याचा अर्धा भाग झाकावा, उघड्या भागाकडे चित्रकार कुठून पाहत होता हे लिहावे, मग दुसरा अर्धा घ्यावा. नाकाच्या रेघेवर घाई करू नये, कारण अनेकदा तीच रेघ समोरच्या चेहऱ्याचा मध्य असते आणि बाजूच्या चेहऱ्याची कडही असते. गालाची कड मध्येच तुटून मागच्या भिंतीत मिसळली असेल, तर तो छपाईचा दोष नव्हे. पिकासो आणि ब्राक हे घनवादी चित्रकार अशा कडा मुद्दाम उघड्या ठेवत.

अर्थ सर्वांत शेवटी लावावा. ‘चेहरा तुटला म्हणजे मन तुटले’ हे विधान मला साफ अमान्य आहे. मेत्झांजे यांची स्त्री चमचा हातात धरून शांत बसली आहे. पिकासोच्या १९३७ मधील ‘रडणारी स्त्री’ या चित्रातही चेहरा तसाच दुभंगलेला आहे, पण तिथले दुःख तोंडाशी दाबलेल्या टोकदार रुमालातून, आवळलेल्या दातांतून आणि पिवळ्या-हिरव्या चेहऱ्यात मधोमध उमटलेल्या थंड निळ्या-पांढऱ्या रंगातून येते. भावनेविषयी एक वाक्य लिहिले, की ती नेमकी कोणत्या रेघेत किंवा रंगात दिसली हे शेजारी लिहावे, आणि तसे काही सापडले नाही तर ते वाक्य खोडावे.