चित्रपटांचे दुवे देण्यापूर्वीची तयारी

आमच्या चित्रपट मंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या मराठी चित्रपटांचे दुवे देण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांतील एक दुवा पायरसीच्या स्थळाकडे जात होता, आणि निर्मात्याची लेखी तक्रार ज्या ईमेल पत्त्यावर आली तो पत्ता मी अकरा दिवस उघडलाच नाही. म्हणून दुवे जमवण्याआधी तक्रारीचा पत्ता ठरवावा, तो ठळक छापावा आणि रोज उघडणारी व्यक्ती नेमावी.

अधिकृत स्रोत निवडावा, हे सांगायला नको. मात्र चित्रपट यूट्यूबवर आहे एवढ्यावरून तो अधिकृत ठरत नाही. वाहिनी कोणाची आहे ते पाहावे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो, त्यामुळे 1970 सालच्या चित्रपटावरील हक्क 2030 अखेरपर्यंत शाबूत आहेत.

‘आम्ही फाइल ठेवली नाही, फक्त दुवा दिला’ या समजुतीवर कृपा करून विसंबू नये. कॉपीराइट कायदा, 1957 चे कलम 63 जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याइतकेच त्याला साहाय्य करणाऱ्यालाही लागू होते. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे आणि दंड 50 हजार ते 2 लाख रुपये आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. युरोपातील मराठी मंडळांनी तर पानावर जाहिराती घेण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण नफ्यासाठी दुवा देणाऱ्याला मूळ प्रत बेकायदा असल्याचे ठाऊक होते असे युरोपीय संघाचे न्यायालय 2016 पासून गृहीत धरते आणि ते खोडण्याची जबाबदारी दुवा देणाऱ्यावर येते.

सारा भर ‘जाणूनबुजून’ या शब्दावर आहे, आणि म्हणूनच तो पत्ता रोज उघडावा. तक्रार येऊन पडली की ‘माहीत नव्हते’ हे म्हणणे टिकणे अवघड. दुवे पुरवताना होणाऱ्या तात्पुरत्या साठवणीला कलम 52 चे संरक्षण आहे. परंतु ते हवे असेल तर लेखी तक्रारीनंतर, तिची खातरजमा करून, 36 तासांत प्रवेश बंद करावा लागतो आणि 21 दिवस किंवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत बंद ठेवावा लागतो. छत्तीस तास म्हणजे दीड दिवस. मी अकरा दिवस घालवले. पत्ता रोज उघडावा.

बाकीचे थोडक्यात: आखूड केलेले दुवे शेवटपर्यंत उघडून पाहावेत, टेलिग्रामचे दुवे घेऊच नयेत, प्रत्येक दुव्याची तारीख नोंदवावी, तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी, नोटीस आल्यास वकिलाला विचारल्याशिवाय उत्तर पाठवू नये. आमची तक्रार दिवाळीच्या सुट्टीत आली होती, तेव्हा सुट्टीत पत्ता कोण उघडणार तेही आधीच लिहून ठेवावे.