अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटलीय? बुरशीवरचं औषध असं वापरा

हे दुखणं आपल्याकडं जावेला किंवा आशाताईला सांगितलं जातं, तेही आवाज खाली आणून. औषध मात्र नवऱ्याकरवी येतं: "मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणा." मेडिकलवाला गजकर्णाची ट्यूब देतो. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. खाज लगेच कमी होते, पण कातडी पातळ पडत जाते आणि आतली बुरशी तिथंच राहते. त्यामुळं ही ट्यूब त्या जागी लावू नका.

आधी दुखणं बुरशीचंच आहे का, ते बघा. कँडिडा नावाच्या बुरशीनं खाज जोराची येते, लघवी करताना बाहेरच्या भागाची आग होते. स्राव घट्ट, फुटलेल्या दह्यासारखा असतो आणि त्याला फारसा वास नसतो. मासळीसारखा वास येत असेल, पाणी करडं-पातळ किंवा हिरवट-पिवळं फेसाळ असेल, तर तो आजार दुसरा असतो. बुरशीच्या औषधानं तो जात नाही. त्रास पहिल्यांदाच होत असेल, दिवस गेलेले असतील, ताप असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर डॉक्टरांकडंच जा. खाज-वास नसताना महिन्याच्या मधल्या दिवसांत थोडं चिकट पांढरं जाणं हा आजारच नाही.

डॉक्टर दोनपैकी एक औषध देतात. क्लोट्रिमॅझोलची गोळी योनीत ठेवायची असते: 100 मिलिग्रॅमची असेल तर सहा-सात रात्री, 200 ची तीन रात्री, 500 ची एकदाच. दुसरं औषध फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, तोंडानं एकदाच घ्यायचं. गरोदर बाईनं फ्लुकोनॅझोल घेऊ नये. यकृताचा आजार असेल, रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. ऊसतोडीला गेलेल्या बाईला कोपीत सात रात्री आडोसा कुठून मिळणार? तिनं तपासणीच्या वेळीच एका डोसाचं औषध मागावं. त्यात काही कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि औषध फुकट मिळतं. दुकानातूनच घ्यायचं असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करा, म्हणजे चारचौघांत तोंडानं काही सांगावं लागत नाही.

योनीतली गोळी रात्री झोपताना ठेवा, म्हणजे ती बाहेर सरकत नाही.

1. हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या. ती जागा नुसत्या पाण्यानं धुऊन टिपून घ्या.
2. उताणं झोपून गुडघे वर घ्या. पाकिटात नळी असेल तर तिनं, नाहीतर बोटानं गोळी जाईल तितकी आत सरकवा. जोर करू नका. गरोदरपणात बोटच बरं.
3. कपडा किंवा पॅड घेऊन झोपा. सकाळी पांढरा चुरा बाहेर आला तरी घाबरू नका, तो गोळीचाच असतो.

पाळीत रक्ताबरोबर औषध वाहून जातं, म्हणून डोस पाळीच्या आधी संपेल असं बघा. औषध चालू असेपर्यंत संबंध टाळा. क्रीम-गोळीतल्या तेलकट घटकांनी निरोध फाटू शकतो. नवऱ्याला खाज किंवा लाली नसेल, तर त्याला औषधाची गरज नाही.

खाज दोन-तीन दिवसांत उतरते, आणि बऱ्याच जणी तिथंच गोळ्या सोडतात. तसं करू नका, कोर्स पुरा करा. डेटॉल, तुरटीचं पाणी, सुगंधी साबण आत घालू नका, त्यानं आग वाढते. आणखी एक, निकर ओढणीखाली लपवून कोपऱ्यात वाळत घालायची आपली सवय सोडा. ती ओलसर राहते आणि ओल बुरशीला मानवते. सुती निकर खुशाल उन्हात टाका, मराठवाड्यात उन्हाला काय तोटा!

सात दिवसांत फरक पडला नाही, तर तेच औषध पुन्हा आणू नका, परत तपासून घ्या. वर्षातून तीन-चारदा हेच होत असेल, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह कळायच्या आधी कधी कधी ही खाजच दिसते. दुसऱ्या आजारासाठी नुकत्याच अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या असतील, तर तेही सांगा, त्यानंतर हा त्रास बऱ्याचदा उसळतो.