पाणथळ म्हणजे तलाव नव्हे: संवर्धन करताना या चुका टाळा

पाणथळ वाचवायची ठरली की बहुतेकदा सगळ्यात आधी पोकलेन येतो. गाळ उपसायचा, खोली वाढवायची, काठाला दगडी पिचिंग करायचं. पाणी वर्षभर टिकतं, फोटोही छान येतो. पक्षी मात्र कमी होतात, कारण पाणथळीचा जीव तिच्या उथळ, चिखलट कडांत असतो. चिखल्या, तुतवार यांसारखे आखूड पायांचे पक्षी जेमतेम काही सेंटिमीटर पाण्यात किंवा ओल्या चिखलात चरतात. काठ उभा केला की त्यांच्या पुढचं ताटच उचललं जातं. पाणी चढणं, ओसरणं, काही भाग उघडा पडणं हा बिघाड नाही. अनेक पाणवनस्पतींचं बी त्या उघड्या चिखलातच रुजतं. म्हणून यंत्र आणण्याआधी मोजपट्टी रोवा आणि वर्षभर, निदान आठवड्यातून एकदा, पातळी टिपून ठेवा.

गाळ कधीच काढू नये, असं नाही. ओडिशातल्या चिलिका सरोवराचं समुद्राकडे जाणारं मुख गाळानं अडत गेलं, खारेपणा घटला, पाणगवत माजलं, मासळी रोडावली. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खणलं आणि मासळी परतली. तिथलं दुखणं अडलेल्या वाटेचं होतं, म्हणून उपाय लागू पडला.

जलपर्णी काढूनही पुन्हा येते? मग सांडपाणी कुठून येतंय ते शोधा. तिला पोसणारं नत्र आणि स्फुरद येत राहिलं, तर दरवर्षीची मोहीम म्हणजे निव्वळ कवायत. शिवाय तिचं बी गाळात वर्षानुवर्षं तग धरतं. उपसलेला ढीग काठावर सोडू नका. तो कुजला की सगळं खत पावसाबरोबर परत पाण्यात.

मोकळ्या दिसणाऱ्या गवताळ कडेवर झाडं लावू नका. ती जागा रिकामी नसते.

आणि माणसांना, गुरांना सरसकट हाकलण्याची घाई नको. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये चराईबंदी झाली. म्हशी गेल्या, पाणगवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे पुढे आलं. चराई किती आणि कोणत्या महिन्यांत, हे गुराख्यांशी बोलून ठरवता येतं.