कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांसाठी लिव्हिंग ट्रस्ट : काय करावे, कसे करावे

कॅलिफोर्नियात स्वतःचे घर असलेल्या व्यक्तीने केवळ मृत्युपत्र करून ठेवले, तर तिच्या पश्चात ते घर मुलांच्या नावावर होण्यापूर्वी प्रकरण बहुधा प्रोबेट न्यायालयात, म्हणजे मृत व्यक्तीच्या मालमत्तेची वाटणी पाहणाऱ्या न्यायालयात, जाते. कोणाला काय मिळावे हे मृत्युपत्राने ठरते, परंतु न्यायालयाची पायरी त्याने चुकत नाही. या प्रक्रियेला अनेकदा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि वकिलाचे शुल्क कायद्यानेच ठरवून दिलेले आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या आठ लाखांवर २ टक्के. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरासाठी वकिलाचे २३,००० डॉलर होतात आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यक्तीलाही तेवढेच शुल्क मागता येते. शिवाय हा हिशेब घराच्या पूर्ण किमतीवर होतो. त्यावर सहा लाखांचे कर्ज अजून फिटायचे असले तरी ते वजा होत नाही. १ एप्रिल २०२५ पासून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी सोपा मार्ग उपलब्ध झाला आहे, परंतु सॅन होजे किंवा फ्रीमाँटमध्ये त्या मर्यादेत बसणारे स्वतंत्र घर क्वचितच सापडते.

हयातीत करता येणारा आणि हवा तेव्हा बदलता किंवा रद्द करता येणारा ट्रस्ट, म्हणजेच रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट, हा यावरचा रूढ उपाय आहे. यात पती-पत्नी स्वतःच ट्रस्ट निर्माण करतात, स्वतःच त्याचे विश्वस्त होतात आणि जिवंत असेपर्यंत स्वतःच त्याचे लाभार्थी राहतात. घर विकणे, गहाण ठेवणे, खात्यातून पैसे काढणे हे सारे पूर्वीसारखेच चालू राहते. आयकराचे विवरणपत्रही पूर्वीच्याच सोशल सिक्युरिटी क्रमांकावर भरले जाते. दोघांपैकी एकाला पक्षाघात झाला किंवा स्मृतिभ्रंश जडला, तर दुसरा आणि दोघेही असमर्थ झाले तर उत्तराधिकारी विश्वस्त, म्हणजे त्यांच्यानंतर काम पाहण्यासाठी ट्रस्टमध्ये नेमलेली व्यक्ती, कारभार हाती घेतो. त्यासाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागत नाही. माझ्या मते हा लाभ प्रोबेट टाळण्याइतकाच मोलाचा आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते. मात्र अशा ट्रस्टने घेणेकऱ्यांपासून संरक्षण मिळत नाही आणि केवळ तो केल्यामुळे आयकर किंवा वारसाकर कमी होत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे.

मसुदा करताना सर्वात जास्त विचार उत्तराधिकारी विश्वस्त निवडण्यावर करावा. आपल्याकडे स्वाभाविकपणे पुण्यातल्या थोरल्या भावाचे किंवा नाशिकच्या मेहुण्यांचे नाव पुढे येते. तेथे अडचण अशी आहे की, ट्रस्टचे सर्व महत्त्वाचे निर्णय अमेरिकी करकायद्याच्या दृष्टीने अमेरिकी असलेल्या व्यक्तींच्या हाती नसतील, तर तो ट्रस्ट परदेशी ठरतो आणि वेगळे कर तसेच वेगळी विवरणपत्रे मागे लागतात. म्हणून विश्वस्त अमेरिकेत राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा आणि त्याच्यानंतरचे आणखी एक नावही लिहून ठेवावे. भावाच्या शब्दाला मान द्यायचाच असेल, तर मुलांबाबतच्या इच्छा त्याला वेगळ्या पत्राने कळवाव्यात. मुले लहान असतील तर त्यांचा वाटा कोणत्या वयात हाती द्यायचा हेही ट्रस्टमध्येच ठरवावे. अठराव्या वर्षी सारी रक्कम एकदम देण्यापेक्षा पंचवीस, तीस आणि पस्तीस अशा टप्प्यांनी देण्याची सोय पुष्कळजण करतात. अज्ञान मुलांचा सांभाळ कोणी करावा, हे मात्र मृत्युपत्रात लिहायचे असते. म्हणून ट्रस्टसोबत एक पूरक मृत्युपत्र करतात. बाहेर राहून गेलेली मालमत्ता ट्रस्टकडे वळवण्याची तरतूदही त्यातच असते. आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र आणि वैद्यकीय निर्णयांचे पत्र हे उरलेले दोन कागद त्याच वेळी करून घ्यावेत.

यापुढचे काम ट्रस्टच्या मसुद्याहून अधिक महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. ट्रस्टच्या नावावर जे चढवले जाते, त्याच्यावरच ट्रस्टची सत्ता चालते. जाड फाइल कपाटात आहे, पण घर अजून पती-पत्नीच्या वैयक्तिक नावावरच आहे, अशी स्थिती असेल तर कुटुंबाला पुन्हा न्यायालयातच जावे लागण्याची शक्यता असते. ट्रस्टला जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत घराचा स्पष्ट उल्लेख असेल तर कॅलिफोर्नियात अर्ज करून ते ट्रस्टचेच असल्याचे जाहीर करून घेता येते, परंतु तोही न्यायालयाचाच मार्ग झाला.

घरासाठी नवा हस्तांतरण दस्त तयार करावा लागतो. त्यात देणारे म्हणून दोघांची जुन्या दस्तात आहेत तशीच नावे आणि घेणारे म्हणून ‘अमुक आणि तमुक, अमुक फॅमिली ट्रस्टचे विश्वस्त, ट्रस्ट दिनांक इतका’ असा मजकूर असतो. मालमत्तेचे कायदेशीर वर्णन जुन्या दस्तावरून अक्षरशः जसेच्या तसे उतरवावे. नावातले एखादे अक्षर किंवा मधले, वडिलांचे, नाव चुकले तरी पुढे विक्रीच्या वेळी टायटल कंपनी, म्हणजे मालकी तपासून तिचा विमा देणारी कंपनी, अडून बसते. नोटरीसमोर सही करून हा दस्त, मालकी बदलाच्या प्राथमिक माहितीपत्रासह, काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे त्या भागाच्या दस्तनोंदणी कार्यालयात, नोंदवावा. स्वतःच्याच रद्द करता येण्याजोग्या ट्रस्टकडे घर गेल्याने मालमत्ता कराचे फेरमूल्यांकन होत नाही. घरावर कर्ज असले तरी १९८२ च्या गार्न–सेंट जर्मेन कायद्यामुळे, कर्जदार स्वतः लाभार्थी राहत असेल तर, केवळ या हस्तांतरणावरून बँक कर्जाची एकरकमी मागणी करू शकत नाही. नोंदणी झाल्यावर घराच्या विमा कंपनीला कळवून ट्रस्टचे नाव पॉलिसीवर घालून घ्यावे.

बँकेतील बचत खाती आणि शेअरची खाती ट्रस्टच्या नावावर करताना संपूर्ण दस्तऐवज दाखवण्याची गरज नसते, ट्रस्टचे संक्षिप्त प्रमाणपत्र पुरते. ४०१के आणि आयआरए ही निवृत्तीची खाती मात्र ट्रस्टच्या नावावर करू नयेत, कारण तसे केल्यास सारी रक्कम काढून घेतली असे समजून कर लागू शकतो. तेथे लाभार्थ्याचे नाव अद्ययावत ठेवणे एवढेच करायचे असते. आयआरएसाठी लग्नापूर्वी भरलेल्या अर्जावर आईचे नाव राहिलेले असेल, तर पैसे त्या अर्जाप्रमाणेच जाऊ शकतात.

भारतातील मालमत्तेचा प्रश्न वेगळा ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कोथरूडचा फ्लॅट किंवा साताऱ्याकडची वडिलोपार्जित शेतजमीन अमेरिकी ट्रस्टच्या यादीत लिहिल्याने तिची मालकी बदलत नाही. स्थावर मालमत्तेला ती जेथे आहे तेथील कायदा लागू होतो आणि हस्तांतरणाला तेथील मुद्रांक शुल्क व नोंदणी लागते. शिवाय अनिवासी भारतीयांना शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही, अशी परकीय चलन कायद्याची बंधने आहेतच. म्हणून भारतातील मालमत्तेपुरते स्वतंत्र मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करावे आणि अंमलबजावणीसाठी तेथेच राहणारी व्यक्ती नेमावी. पुण्यातल्या भावाचे नाव येथे अगदी योग्य ठरते. एक वाक्य मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावे. ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ हा ठरीव मजकूर अमेरिकेतील पूरक मृत्युपत्रात तसाच राहिला, तर आधी केलेले भारतातील मृत्युपत्र त्याने रद्द होऊ शकते. दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांचे मसुदे दाखवून, प्रत्येक मृत्युपत्र कोणत्या देशातील मालमत्तेपुरते आहे हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

वारसाकराची चिंता बहुतेक कुटुंबांना नसते, कारण २०२६ साली अमेरिकी नागरिक आणि तेथे कायम वास्तव्य असणाऱ्यांना दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. मात्र त्या हिशेबात भारतातील मालमत्ताही धरली जाते. जोडीदार अमेरिकी नागरिक नसेल तर त्याला मिळणाऱ्या वारशावरची अमर्याद सवलत आपोआप लागू होत नाही, तसेच ज्यांचे कायम वास्तव्य अमेरिकेत मानले जात नाही अशा परदेशी नागरिकांना त्यांच्या तेथील मालमत्तेवर केवळ ६०,००० डॉलरची सूट मिळते. एच-१बी व्हिसावर घर घेतलेल्या जोडप्याने मसुदा करण्यापूर्वीच हा प्रश्न वकिलापुढे मांडावा.

ट्रस्ट झाल्यानंतर तो उघडून पाहण्याचे प्रसंग ठरलेले असतात: मूल जन्मणे, घटस्फोट, दुसऱ्या राज्यात स्थलांतर आणि विशेषतः गृहकर्जाची फेररचना (रिफायनान्स). फेररचनेच्या वेळी काही बँका घर ट्रस्टमधून काढून वैयक्तिक नावावर आणायला लावतात आणि कर्ज मंजूर झाल्यावर ते परत ट्रस्टकडे नेण्याची आठवण कोणी करून देत नाही. अशा वेळी नव्या कर्जाच्या कागदांबरोबरच परतीचा दस्तही करून घ्यावा आणि काही आठवड्यांनी काउंटीच्या नोंदीत घर कोणाच्या नावावर दिसते ते स्वतः पाहावे.