मामलुककालीन नावावरून घराणे आणि प्रतिष्ठा कशी ताडावी

इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या, मूळ गुलाम सैनिक असलेल्या मामलुक सुलतानांच्या काळातले (1250 ते 1517) काहिरा (कैरो) किंवा दमास्कसचे एखादे लांबलचक नाव समोर आले, तर आधी त्याचे तुकडे पाडा. उदाहरणार्थ, शिहाबुद्दीन अबुल-फज्ल अहमद इब्न अली अल-किनानी अल-अस्कलानी अश-शाफिई, म्हणजे हदीसचे (पैगंबरांच्या वचनांचे) प्रसिद्ध पंडित इब्न हजर.

मूळ नाव 'अहमद'. त्याखाली रेघ मारा. त्याच्या आधीच्या भागावरून प्रतिष्ठा ठरवू नका. या काळात अहमद नावाच्या माणसाला 'शिहाबुद्दीन' ही उपाधी सर्रास लागत असे, ती दरबारी बहुमान नव्हे. 'अबू' (अमक्याचा बाप) दिसले म्हणून त्या नावाचा मुलगा वंशवृक्षात घालू नका. मूलबाळ नसलेल्यांच्या नावातही ते असते.

खरा ऐवज शेवटी असतो. अल-किनानी ही टोळी, अल-अस्कलानी हे पूर्वजांचे गाव. स्वतः इब्न हजर 1372 मध्ये काहिरात जन्मले, त्यामुळे गावाच्या नावावरून जन्मस्थळ लिहिले की हमखास चूक होते. 'शाफिई' हा सुन्नी कायद्याच्या चार पंथांपैकी एक; तो मात्र नीट टिपून ठेवा. सुलतान बैबर्सने 1265 मध्ये काहिरात चारही पंथांचे स्वतंत्र मुख्य काझी नेमले. तेव्हापासून विद्वानाला कोणते काझीपद मिळू शकेल हे पंथावर ठरे.

लष्करी मामलुकांना वेगळा नियम लावा. ते गुलाम म्हणून आणलेले असत. त्यांच्या नावातला 'इब्न अब्दुल्ला' (अब्दुल्लाचा मुलगा) बहुधा केवळ रिकामी जागा भरतो, तो बाप समजू नका. त्यांची ओळख मालकावरून होते. सुलतान कायतबाय (राज्य 1468–1496) हा 'अल-महमूदी अज-जाहिरी': महमूद हा त्याला आणणारा व्यापारी, अज-जाहिर जकमक हा मुक्त करणारा सुलतान. एकाच धन्याने मुक्त केलेले मामलुक एकमेकांचे 'खुश्दाश'. वंशवृक्षात त्यांना तुटक रेघेने जोडा, कारण सत्तेच्या राजकारणात हे नाते रक्ताच्या नात्याइतके कामाला येई. इथे घोळ होतो तो 'जाहिरी'मुळे. बैबर्स, बरकूक आणि जकमक या तिन्ही सुलतानांची पदवी 'अज-जाहिर'. साल पाहिल्याशिवाय धनी ठरवू नका.

बापाचे नाव तुर्की आणि मुलाचे अरबी दिसले, तर तो बहुधा 'अवलाद अन-नास'पैकी, म्हणजे मामलुकाचा मुलगा. इतिहासकार यूसुफ इब्न तघरीबिर्दी त्यांतलेच.

आता पिढ्या मोजा. हिजरी साल × 0.97 + 622 केले की इसवी साल साधारण मिळते. शतकाला तीन पिढ्या धरा. हा हिशेब इतिहासकार इब्न खल्दून यांनी स्वतःच्याच वंशावळीला लावला. मूळ पुरुष खल्दूनपर्यंत दहा नावे हाती होती, काळ सुमारे 700 वर्षांचा. वीसेक पिढ्या हव्यात, म्हणजे निम्मी नावे गळालेली, हे त्यांनी उघड लिहिले. तुमच्या वंशावळीतही नावे कमी पडली तर पोकळी तशीच दाखवा, ओळखीच्या नावांनी बुजवू नका.

पैगंबरांच्या वंशाचा दावा करणाऱ्या शरीफांची दखल 'नकीब अल-अश्राफ' हा अधिकारी घेई. 773 हिजरीत सुलतान शाबानच्या हुकमाने त्यांच्या पागोट्यावर हिरवी खूण आली, म्हणून त्याआधीच्या वर्णनात ती शोधू नका.

बापाच्या साखळीत आईचे घराणे दिसतच नाही, आणि काझी घराण्यांच्या सोयरिकी तर तिथूनच उलगडतात. पंधराव्या शतकासाठी अस-सखावी यांच्या बारा खंडी चरित्रकोशाचा शेवटचा खंड उघडा. तो पूर्ण स्त्रियांचा आहे. प्रत्येक नोंदीतून बाप, नवरे आणि मुलगे वेगळे लिहून काढा आणि मग पुरुषांच्या नोंदींशी ताडून पाहा.