खाणीत माणूस गेला तर: मालकाच्या कागदावर अंगठा देण्याआधी

नाशिकजवळच्या सारूळ, राजूर बहुलाकडच्या दगडखाणींत कड कोसळून किंवा सुरुंगाचा दगड लागून माणूस गेला, की दहाव्याच्या आत मुकादम पाकीट घेऊन दारात येऊ शकतो. लाखभर रुपये, मजुराने आधी घेतलेली 'उचल माफ', आणि सोबत एक कागद. त्यावर सही, अंगठा काही देऊ नका. मृत्यूची भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात द्यायची नसतेच, ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर दिलेला पैसा भरपाईत धरत नाहीत. मृत्यूनंतर घरच्यांना भरपाईपोटी दिलेली, तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ रक्कम तेवढी वजा होते. हक्क सोडल्याचा करारही टिकत नाही. पण 'तो आमच्याकडे कामाला नव्हता' असं वाक्य त्यात घुसवलेलं असलं, तर ते खोडण्यात वर्ष जातं.

पहिल्या दिवशी रडायलाही वेळ नसतो, म्हणून पुढचं काम घरातल्या नाहीतर वस्तीतल्या एका शांत डोक्याच्या माणसावर सोपवा. शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी नको. ज्या हद्दीत खाण आहे त्या पोलीस ठाण्यात नोंद करा आणि पंचनाम्यात 'खाणीत, काम करताना' हे शब्द आलेत का ते वाचून घ्या. 'पाय घसरून पडला' एवढंच लिहिलं, तर कुठे पडला यावरच पुढे वाद होतो. जागेचे फोटो काढा. सोबतच्या दोन मजुरांची नावं, फोन आणि मूळ गाव लिहून ठेवा; काम बदललं की ती माणसं परत सापडत नाहीत.

मग वय आणि मजुरी, कारण रक्कम यावरच ठरते. सूत्र असं: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक (कायद्यातल्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा). ३ जानेवारी २०२० पासून मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. पस्तिशीच्या माणसाचा गुणक १९७.०६, म्हणजे ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये. शवविच्छेदन अहवालात कुणी 'अंदाजे ४५' लिहिलं, की गुणक १६९.४४ होतो आणि दोन लाखांवर पाणी सोडावं लागतं. शाळेचा दाखला किंवा आधार लगेच दाखवा. मजुरी १५,००० ऐवजी १०,००० धरली गेली, तर जवळपास पाच लाख कमी. ब्रासवर (दगडाच्या मापावर) काम असलं तर खेपांची चिठ्ठी, मुकादमाची वही, फोनवर आलेले पैसे, जे असेल ते जपा. हजेरीवर टोपणनाव असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

'दारू प्यायला होता' ही मालकाची आवडती सबब. जखम झाली असती तर ती चाललीही असती. मृत्यूत चालत नाही. उचलही भरपाईतून कापता येत नाही, कितीही मोठी असो.

मालक आणि ठेकेदार, दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या आणि पोचपावती सांभाळा. ठेकेदार पळाला तरी मालक सुटत नाही. दावा दोन वर्षांच्या आत लावा. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या अपघाताला १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागतो आणि अर्ज नाशिकच्या कामगार न्यायालयात जातो. त्यानंतरच्या अपघाताला नवा कायदा, सामाजिक सुरक्षा संहिता; तो अर्ज कुणाकडे द्यायचा ते कामगार उपायुक्त कार्यालयात आधी विचारा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

एका महिन्यात रक्कम जमा झाली नाही, तर १२ टक्के व्याज मागा. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो, पण ही मागणी अर्जातच लिहा. बायको, अठरा वर्षांखालची मुलं, अविवाहित मुली, विधवा आई, सगळ्यांची नावं एकाच अर्जात घाला. निकालानंतर मुलांचा वाटा मुदत ठेवीत अडकतो. शाळेसाठी मधे पैसे लागले तर ज्याने निकाल दिला त्याच अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करायचा.