दहा बाय दहाच्या खोलीत प्रार्थनेची सवय कशी लावावी

प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे, असं येशू बायबलात सांगतो (मत्तय ६:६). लालबागच्या चाळीत हे वाचून हसूच येतं. दार लावलं तरी घरातले सहाजण आतच! पण मार्क १:३५ पाहा. खुद्द येशूलाही पहाटे अंधारात उठून एकांत गाठावा लागला होता.

तेव्हा आधी वेळ पक्की करा. पाणी यायच्या आधीची दहा मिनिटं चालतील. विरारहून बसायला जागा मिळत असेल तर बोरिवलीपर्यंतचा प्रवासही चालेल. डोळे मिटले की शेजारचा समजतो, झोपला. समजू दे.

सुरुवात मागण्यांनी नको. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रं आहेत, रोज एक घेतलं तर पाच महिने पुरतात. पुटपुटत वाचा आणि जी ओळ टोचेल तिथे थांबा. पुढचं आपल्या भाषेत बोला: थकलेलं भाडं, मुलाची दहावी, साहेबाचा राग. देवाशी गोडच बोललं पाहिजे असं नाही. १३वं स्तोत्र तर ‘मला किती काळ विसरणार?’ या तक्रारीनेच सुरू होतं. माझ्या मते श्रद्धा वाढते ती इथेच. नुसत्या शिष्टाचाराच्या प्रार्थनेत आपण देवाच्या घरी पाहुण्यासारखे अवघडून बसतो.

मग प्रभूची प्रार्थना, सावकाश. ती शिकवून झाल्यावर येशू त्यातला एकच मुद्दा पुन्हा घेतो, क्षमेचा (मत्तय ६:१४-१५). म्हणून त्या ओळीवर एक नाव घ्या. नळावर भांडलेली शेजारीण असेल, गावच्या जमिनीवरून अबोला धरलेला भाऊ असेल. क्षमा करावीशी वाटत नसेल तर तेही सांगून टाका.

शेवटी दोन मिनिटं गप्प बसा. मनात बाजारहाटाची यादी येणारच, येऊ द्या.

शब्द आटले तर नारायण वामन टिळकांचे अभंग आहेत. १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. रविवारची उपासना किंवा मिस्सा चुकवू नका. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मरियामातेच्या सामूहिक प्रार्थनेला, जात असाल तर उत्तमच. एकट्याची प्रार्थना फार लवकर स्वतःभोवतीच फिरू लागते.

दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना नावं वहीत लिहा. एखाद्या आजाऱ्याचं नाव सलग आठवडाभर वहीत राहिलं, तर त्याच्या घरी फोन लावा आणि इस्पितळात डबा कोण नेतंय ते विचारा.